घंटेनंतरची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



 विषय माझ्या आवडीचा घ्यावा, पण फार जड नसावा, अशी चिटणीसबाईंची सूचना होती. माझे सारे आयुष्य मुलींच्या हायस्कुलात शिकविण्यात गेले. तेव्हा आवडीचा विषय म्हणजे शाळाच. मात्र आज मी अभ्यासाविषयी, गुणांविषयी किंवा निकालाविषयी बोलणार नाही. ते विषय आपल्या घरी रोज जेवणाच्या ताटावर निघतातच. मी बोलणार आहे ते शेवटची घंटा झाल्यानंतर जी शाळा भरते तिच्याविषयी.

आपणांपैकी प्रत्येकीने क्षणभर आपली शाळा आठवून पाहावी. भूमितीचे एखादे प्रमेय आज किती जणींस सांगता येईल, याची मला शंकाच आहे. पण गॅदरिंगच्या नाटकात आपण कोणते काम केले, भोंडल्याला कोणाच्या डब्यातील खिरापत शेवटपर्यंत ओळखता आली नाही, सहलीत कोणाची चप्पल तुटली आणि ती कोणी आपली दिली, हे विचारले तर पन्नाशी उलटलेली बाईसुद्धा न अडखळता सांगेल. याचे कारण काय? माझ्या मते कारण असे की, शाळेचा जिव्हाळा तिच्या नावाचा जयजयकार केल्याने उत्पन्न होत नाही. शाळेचे एखादे लहानसे काम आपल्या हाती सोपविले जाते, ते आपण पार पाडतो, आणि त्या दिवसापासून ती शाळा 'आपली' होते. आणि ते काम मुलीच्या हाती पडू द्यायचे की नाही, हे पुष्कळ वेळा शाळा ठरवीत नाही, घर ठरविते. आजच्या बोलण्याचा सारा रोख याच एका गोष्टीवर आहे.

मुलींच्या शाळेचा आणि घरातील वेळेचा हा तंटा फार जुना आहे. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, त्या वेळी केवढा विरोध झाला हे आपण सर्वजणी जाणतो. पुढे २९ सप्टेंबर १८८४ रोजी वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी मंडळींनी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू केले. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती त्या जागेवर ती शाळा उभी राहिली, म्हणून लोक तिला 'हुजूरपागा' म्हणू लागले आणि तेच नाव टिकले. त्या शाळेवर वृत्तपत्रांतून जी टीका झाली तीत एक आक्षेप वेळेचा होता. मुली अकरा ते पाच शाळेत बसल्या तर त्या घरकाम कधी शिकणार, असा प्रश्न त्या काळच्या जाणत्या लोकांनी विचारला होता. आज तो प्रश्न कोणी उघडपणे विचारीत नाही. परंतु शाळा सुटल्यावर मुलगी आणखी एक तास मैदानावर थांबणार म्हटले की तो पुन्हा आपल्या स्वयंपाकघरातून डोके वर काढतो. मुलाला मात्र तो कोणी विचारीत नाही; तो दिवेलागणीला चिखलाने माखून आला तरी आपण म्हणतो, "खेळून आलाय, आधी त्याला खायला द्या."

आता ही घंटेनंतरची शाळा असते तरी कशी, ते थोडे सांगते. जूनमध्ये शाळा उघडली की प्रथम वर्गप्रतिनिधी निवडली जाते. मुलींचे चार गट पाडले जातात. कोठे त्यांना रंगांची नावे असतात, कोठे नद्यांची. रोज सकाळचा परिपाठ असतो. प्रार्थना, दिनविशेष, सुविचार, बातम्या. आणि हे सारे पाळीपाळीने मुलीच करतात. त्यात जी प्रतिज्ञा म्हणतात ती आपल्या सर्वांना पाठ आहे. पण ती १९६२ मध्ये मूळ तेलुगू भाषेत पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. परिपाठात एखाद्या मुलीने ही माहिती सांगितली तर ती तिला जन्मभर विसरणार नाही, आणि तीच माहिती बाईंनी फळ्यावर लिहून दिली तर परीक्षा होताच ती विसरली जाईल. हा माझा अनुभव आहे.

पाच सप्टेंबरला शिक्षकदिन येतो. डॉ. राधाकृष्णन राष्ट्रपती झाले त्या १९६२ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी दहावीच्या मुली साड्या नेसून बाई होतात, एखादी मुख्याध्यापिका होते, आणि पाचवीच्या पोरी त्यांना इतके छळतात की दुपारपर्यंत या नव्या बाईंचा आवाज बसतो. दुसऱ्या दिवशी वर्गात जी शांतता असते ती मी कोणत्याही शिक्षेने आणू शकले नसते!

नंतर सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा. पाटावर हत्ती काढावा, तो मध्ये ठेवावा, भोवती फेर धरावा आणि शेवटी खिरापत ओळखावी. घरोघरीचा हादगा आता कमी झाला. अंगणेच राहिली नाहीत, तर फेर धरावा कोठे? पण मुलींच्या अनेक शाळांनी तो आपल्या पटांगणात जपून ठेवला आहे. खंडेनवमी-दसऱ्याला पाटीपूजन होते. एकाचे आकडे जोडून पाटीवर जी सरस्वती काढावयाची ती आजही मोठ्या मुली लहानांना शिकवितात. कोणत्याही क्रमिक पुस्तकात ती नाही. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या हाती दिली म्हणून ती टिकली. शाळेची परंपरा म्हणतात ती हीच.

हस्तलिखिताविषयी बोलताना साने गुरुजींचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळीत. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' या नावाचे पत्र स्वतःच्या हाताने लिहून काढीत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले. छात्रालयातील मुलांची अंथरुणे आवरावी, कंदिलाच्या काचा पुसून ठेवाव्या, अशी कामे गुरुजी न बोलता करीत, आणि ते पाहून मुले ती कामे आपण होऊन करू लागत, असे त्यांचे विद्यार्थी पुढे सांगत असत. आपल्या शाळांतील हस्तलिखित वार्षिकामागे हीच दृष्टी असते. त्याची प्रत एकच निघते. एकीचा लेख, दुसरीचे अक्षर, तिसरीची चित्रे, चौथीची बांधणी. छापील अंकात नाव येते ते लिहिणाऱ्या मुलीचे. हस्तलिखितात जिचे केवळ अक्षर चांगले तीही मानाची ठरते. अभ्यासात जेमतेम असलेल्या मुलीचे नाव ग्रंथालयाच्या कपाटात कायमचे राहते, ही गोष्ट लहान नव्हे.

खेळांपैकी मी एकच घेते, आणि तो म्हणजे खो-खो. आपल्यासारख्या मध्यम स्थितीतील लोकांच्या शाळांना हा खेळ जणू वरदानच आहे. दोन खांब, थोडी फक्की आणि सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदान एवढेच त्याला लागते. बॅट नको, जाळे नको, महागडे बूट नकोत. गेल्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधण्यात पुढाकार घेतला. शाळेत आपण जो खेळ पाहतो त्यात आठजणी पाटीवर बसतात, शेजारशेजारच्यांची तोंडे उलट दिशांना असतात, आणि नववी पाठलाग करते. ती दमली किंवा दिशा चुकली की बसलेलीला मागून खो देते आणि तिच्या जागी आपण बसते. बसलेली मुलगी क्षणभर जरी दुसरीकडे पाहू लागली तरी गडी हातचा जातो. म्हणून या खेळात 'मी नुसती बसले होते' असे कोणालाच म्हणता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळचा ७८-४० असा पराभव केला, आणि त्या संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. पेपरात ते छायाचित्र पाहून आपण सर्वांनी कौतुक केले. कौतुक करताना एवढेच आठवावे की, अशा प्रत्येक मुलीच्या मागे कोणीतरी घरी म्हटलेले असते, "जा, पोळ्यांचे मी पाहते."

आता गॅदरिंग. शब्द इंग्रजांचा, पण आपल्याकडे तो इतका मुरला की स्नेहसंमेलन हा शब्द निमंत्रणपत्रिकेवरच राहिला. पाहुण्यांना दिसते ते रंगमंचावरचे. मला नेहमी मोठे वाटत आले ते पडद्यामागचे. पडद्याची दोरी ओढणारी, विंगेत वही घेऊन बसणारी, दारात रांगोळी काढणारी, खुर्च्या मोजून आणणारी आणि मोजून परत पोचविणारी, पाहुण्यांच्या हारांवर पाणी शिंपडणारी, अशा कितीतरी मुलींच्या जिवावर तो दिवस पार पडतो. एका वर्षी आनंदमेळ्याचा हिशेब मी आठवीतील एका अबोल मुलीकडे दिला होता. संध्याकाळी अकरा रुपये कमी भरले. मी म्हटले, "राहू दे, मी घालते." ती म्हणाली, "बाई, तुम्ही घातले तर हिशेब जुळेल, पण बरोबर होणार नाही." तिने प्रत्येक दुकानाचा डबा पुन्हा उपडा केला, शेवटी बटाटेवड्याच्या डब्याच्या झाकणाला तेलाने चिकटलेली एक दहाची नोट आणि एक नाणे निघाले. त्या दिवसापासून ती मुलगी वर्गात मान वर करून बोलू लागली. प्रगतिपुस्तकात यासाठी कोणताही रकाना नसतो.

सर्वच गोड आहे असे मी म्हणत नाही. गॅदरिंगमधील शेलापागोट्यांत कोणाच्या रंगावर, कोणाच्या अंगलटीवर, कोणाच्या बोलण्यातील दोषावर टोमणे मारले जातात. सभागृह हसते आणि एक मुलगी घरी जाऊन रडते. हसविण्यासाठी दुसरीला टोचावेच लागते असे नाही, हे मुलींना शिकविण्याची तीच वेळ असते. दुसरा दोष अलीकडचा आणि अधिक मोठा आहे. अनेक ठिकाणी गॅदरिंग आता मुलींचे राहिलेच नाही. नाच बसविणारे बाहेरून येतात, कपडे भाड्याने येतात, ध्वनी आणि दिवे कंत्राटाने येतात. मुलींनी फक्त पैसे भरावे आणि सांगितले तसे हातपाय हलवावे. एका शाळेत मी असे पाहिले की, नववीतील एक मुलगी, जिच्यासारखी लेझीम कोणाचीच नव्हती, तिने नाव दिले नाही. विचारले तर म्हणे, "मला आवडत नाही." आवडत नाही हे खरे नव्हते. पोशाखाचे भाडे तिच्या आईला झेपण्यासारखे नव्हते, आणि ते सांगणे तिला त्याहून झेपण्यासारखे नव्हते. आम्ही शिक्षिकांनी मग असा नियम केला की पोशाख घरचाच असावा. लुगडी लागतील ती गल्लीतून मागून आणावी. आयांनी ट्रंका उघडल्या. कोणाचे इरकल आले, कोणाच्या आजीचे नऊवारी आले. एका काठाला आळत्याचा डाग पडला आणि त्यावरून पुढे आठ दिवस कुरबूर चालली, हेही सांगितले पाहिजे. पण त्या वर्षी पहिल्या रांगेत लेझीम घेऊन कोण उभी होती, हे आपण ओळखलेच असेल.

तिसरी गोष्ट वेळेची. पूर्वी अकरावीला मॅट्रिक असे. १९७५च्या सुमारास दहावीची परीक्षा आली. परीक्षा दहावीची, पण तिची छाया आता आठवीवर पडू लागली आहे. शाळा सुटली की शिकवणीचा वर्ग, आणि तो सुटला की घर. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना आपण मुलींना बसू देतो, कारण त्याचे दहावीला सवलतीचे गुण मिळतात, पण भित्तिपत्रकासाठी चित्र काढायला थांबली तर म्हणतो, "त्याचा उपयोग काय?" खेळाने गुण वाढतात असे खोटे आश्वासन मी आपणांस देणार नाही. दहावीच्या वर्षी अभ्यासाला अधिक वेळ लागतो, तो दिलाच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की, एका वर्षाच्या कामासाठी तीन वर्षे जप्त करू नयेत. आणि त्यातही, जप्ती बहुधा मुलीवरच येते. तेराव्या-चौदाव्या वर्षी घरकामाचा भार तिच्यावर पडू लागतो, आणि उशीर झाला तर काय होईल ही काळजीही तिच्याच बाबतीत वाटू लागते.

ही काळजी खोटी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. अंधार पडल्यावर मुलगी एकटी येणार म्हटल्यावर कोणत्या आईचा जीव थाऱ्यावर राहील? पण त्याला उपाय मुलीला घरी बसविणे हा नव्हे. आणि येथेच आपले मंडळ पुष्कळ करू शकेल. माझ्या तीन सूचना आहेत, तिन्ही बिनखर्चाच्या.

पहिली अशी. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत खेळांचे सामने आणि गॅदरिंगच्या तालमी असतात. त्या दिवसांत आपण पाळ्या लावाव्यात. रोज दोघी भगिनींनी संध्याकाळी शाळेपाशी जावे आणि आपल्या भागातील सर्व मुलींना बरोबर घेऊन यावे. दोघींचा अर्धा तास जाईल. पण साऱ्या मुलींची संध्याकाळ वाचेल.

दुसरी. मंडळाने लुगड्यांची, दागिन्यांची आणि नाटकाच्या सामानाची एक पेटी ठेवावी. आपल्या घरी जुनी नऊवारी, खोटे मोती, कमरपट्टे, पितळी समया पडून असतात. त्यांची यादी करून शाळांना त्या उसन्या द्याव्यात. पैशावाचून कोणतीही मुलगी मागे राहता कामा नये. आणि मिळाले ते दान म्हणून नव्हे, सर्वांना मिळते म्हणून मिळाले, असे तिला वाटले पाहिजे.

तिसरी सूचना घरातली आहे आणि म्हणून सर्वांत कठीण आहे. शाळा सुटल्यानंतरचा एक तास नववीपर्यंत मुलीचा असावा. त्या तासात तिला कोणी हाक मारू नये. घरातील काम तिने करू नये असे नाही. पण ते भावाच्या आणि तिच्या वाट्याला सारखे यावे. भाऊ कणीक मळू लागला तर आरंभी चार दिवस पोळ्या कशाही होतील. होऊ द्याव्यात. लेझीमही पहिल्या दिवशी कोणाची जुळत नाही.

भगिनींनो, मुलींनी या साऱ्यातून मिळवायचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर याच सभागृहात आहे. आजच्या समारंभाची व्यवस्था पाहा. वेळेवर पत्रिका गेल्या, जमाखर्च वाचून दाखविला गेला, स्वागताचे पद बसविलेले होते, आणि एकीचे आसन चुकले तर दुसरीने गाजावाजा न करता ते नीट केले. हे कोणत्या तासाला शिकविले जाते? चार बायकांनी एकत्र येऊन, मतभेद ठेवूनही, एखादे काम शेवटास न्यावयाचे ही विद्या आपणांपैकी कित्येकींनी अशाच एखाद्या गॅदरिंगच्या तयारीत, हस्तलिखिताच्या भांडणात, खो-खोच्या पाटीवर बसून मिळविली आहे. ज्यांना ती संधी मिळाली नाही, त्यांनी ती येथे येऊन वयाच्या चाळिशीत मिळविली आणि त्यासाठी त्यांना किती संकोच मोडावा लागला, हे त्याच जाणतात. आपल्या मुलींना तेवढी वाट पाहायला लावू नये.

पुढच्या वर्षीच्या अहवालात या तीन सूचनांपैकी एक जरी अमलात आल्याचे वाचावयास मिळाले, तर आजचा दिवस सार्थकी लागला असे मी समजेन.